हिमनदी म्हणजे सहलीचे शेपूट नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पन्हाळा–पावनखिंडीच्या पावसाळी मोहिमा संपत आल्या की कोल्हापुरात हिमालयाची बोलणी सुरू होतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. म्हणजे सप्टेंबरअखेर निघायचे तर तिकिटांची धांदल जुलैअखेरीस. हल्ली बऱ्याच गटांची आखणी एकाच साच्याची असते: तीन-चार आठवडे सुट्टी, आधी मनाली, स्पिती किंवा लडाख, मग खाली उतरून ऋषिकेश, आणि उरलेल्या पाच दिवसांत गंगोत्री–गोमुख–तपोवन, म्हणजे गंगोत्री हिमनदीचे तोंड आणि त्याच्या वरचा माळ. हत्ती गेला, आता शेपूटच राहिले, अशा थाटात हा शेवटचा टप्पा कागदावर चढतो. प्रवासातली सर्वांत अवघड जमीन तिथेच असते, आणि तिच्या वाट्याला सर्वांत कमी दिवस, झिजलेले बूट, थकलेले अंग आणि खिशातले परतीचे तिकीट येते. म्हणून हे पत्र.

हिमनदी शेवटी ठेवण्यात मुळात चूक नाही. तीन आठवडे चालून पाय तयार झालेले असतात, तंबू लावायला हात बसलेला असतो, गटात कोण कसा आहे हे कळलेले असते. फसगत होते ती उंचीच्या हिशेबात. स्पितीत पंधरा दिवस काढले म्हणून शरीराला विरळ हवेची सवय झाली, हे खरे. पण ती सवय टिकाऊ नसते. ऋषिकेश-हरिद्वारला आठवडाभर मुक्काम झाला असेल तर सवय मोडली असेच धरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. ३,००० मीटरच्या वर रोजच्या झोपेच्या जागेत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढ नको, हा नियम. गंगोत्री सुमारे ३,१००, गोमुखाच्या वाटेवरचा मुक्काम भोजबासा सुमारे ३,८०० आणि तपोवन सुमारे ४,४५० मीटरवर आहे. दोन्ही टप्पे नियमाबाहेरचे, म्हणून गंगोत्रीत दोन रात्री आणि भोजबासात दोन रात्री हव्यातच. भोजबासाच्या दुसऱ्या दिवशी गोमुखापर्यंत जाऊन परत खाली झोपायला यावे. तपोवनावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. आपला पन्हाळा हजार मीटरच्या आतला. पावसाळ्यात तिथून पावनखिंड गाठणारे पाय दमदार असतात यात शंका नाही, पण फुप्फुसांची परीक्षा त्या वाटेवर होतच नाही.

डोकेदुखी आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा जेवणावरची वासना उडणे, एवढे दिसले की त्या दिवशी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यातून फेस येत असेल, किंवा टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत दहा पावले टाकताना तोल जात असेल, तर रात्र असली तरी खाली उतरवावे, आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ते आधी सांगावे. साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून, असे प्रमाण असते. त्रास दडपून वर जाण्यासाठी ती नाही.

आता बुटांविषयी, कारण सर्वांत जास्त ट्रेक तिथेच मोडतात. ट्रेकिंग बुटाच्या तळव्यात बाहेरचे रबर आणि आतला पाय यांच्यामध्ये एक मऊ थर असतो, त्याला मिडसोल म्हणतात. बऱ्याच बुटांत तो पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने हा पदार्थ आतून कुजत जातो, आणि बूट वापरात नसताना तर जास्तच. आपल्याकडे चार महिने भिंतींना ओल येते, तिथे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकलेला बूट चार-पाच वर्षांत बाहेरून नवाच दिसतो आणि डोंगरात दुसऱ्या दिवशी अख्खा सोल जिभेसारखा लोंबू लागतो. तपासायची रीत सोपी आहे. मिडसोलच्या कडेला अंगठ्याचे नख जोरात दाबा. खळगा पडून तसाच राहिला, किंवा चुरा सुटला, तर तो बूट घरीच ठेवा. मग चवड्याजवळ बूट पूर्ण दुमडून बघा. बारीक भेगांची जाळी दिसली तरी तोच निर्णय. केवळ कडेचा डिंक सुटला असेल तर कोल्हापुरात मेणाच्या दोऱ्याने सोल शिवून देणारे कसलेले कारागीर आहेत, निघण्याआधी शिवून घ्या. चुरा होणाऱ्या मिडसोलला मात्र टाकाही धरत नाही. वाटेत फाटलेच तर पाच मीटर कापडी चिकटपट्टी (पाण्याच्या बाटलीभोवती गुंडाळून न्यावी, वेगळे ओझे होत नाही) आणि दीड मीटर बारीक तार एवढ्यावर खाली उतरता येते. वर जाता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

नवा बूट घेतला तर तो प्रवासाच्या सुरुवातीपासून घाला. शेवटच्या टप्प्यासाठी जपून ठेवलेला कोरा बूट पहिल्या चौदा किलोमीटरमध्ये टाचा सोलतो.

डोंगरात शिरण्याआधी उत्तरकाशीसारख्या गावी एक अख्खा दिवस राखून ठेवा आणि सगळी सॅक खाटेवर उपडी करा. तीन आठवड्यांत साठलेल्या शाली, सफरचंदाचे डबे, जीन्स, दुसरा टॉवेल हे सगळे लॉजवर ठेवा. पाठीवरचे वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ठेवावे, फार तर चौथ्या. लांबच्या प्रवासात कंबर बारीक झालेली असते, त्यामुळे सॅकचा कमरेचा पट्टा पुन्हा बसवावा लागतो. तो सैल राहिला की सगळा भार खांद्यावर येतो आणि दगडांवर तोल जातो. त्याच दिवशी पिसांची स्लीपिंग बॅग उन्हात उलटी पसरून चार-पाच तास वाळवा. रोजच्या घामाने पिसांचे गोळे झालेले असतात, ते बोटांनी हलके मोकळे करा. तीन आठवड्यांची दमट बॅग नवी असतानाची ऊब देत नाही. हेडटॉर्चच्या बॅटऱ्या नव्या घाला. औषधांच्या डब्यात ओआरएस उरले आहे का बघा, ते नेहमी मनालीतच संपलेले असते. पोकळ तंतूंचा पाण्याचा फिल्टर असेल तर तो रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा. एकदा आतले पाणी गोठले की तंतू फुटतात, पाणी मात्र पूर्वीसारखेच येत राहते, त्यामुळे बिघाड कळतच नाही. हिमनदीचे पाणी दुधाळ असते, कारण त्यात दगडाचे पीठ असते. भांड्यात दोन-तीन तास निवळू द्यावे, मग वरचे गाळावे, नाहीतर फिल्टर दोन दिवसांत तुंबतो.

गॅसची डबी रेल्वेत नेता येत नाही, विमानातही नाही. पायथ्याच्या गावीच घ्या. साधी ब्युटेनची डबी शून्य अंशाजवळ मान टाकते, कारण त्या थंडीत द्रवाचा वायूच होत नाही. प्रोपेन मिसळलेली डबी मागा आणि रात्री तीही पांघरुणात घ्या. बर्फ वितळवताना भांड्यात आधी पेलाभर पाणी हवे, कोरड्या भांड्यात बर्फ टाकला तर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. तपोवनावर पाणी ८५-८६ अंशांनाच उकळते, म्हणून प्रेशर कुकरशिवाय भात-डाळ शिजायची वाट बघू नका.

खाण्याबद्दल थोडक्यात. भडंग सगळ्यांना हवे असते, पण ते सॅकमधली जागा अडवते आणि पोटाला आधार देत नाही. शेंगदाण्याचा गुळात वळलेला लाडू १०० ग्रॅममध्ये सुमारे ४७५ कॅलरी देतो. माणशी रोज २०० ग्रॅम धरा. आपला गूळ थंडीत दगडासारखा होतो, तेव्हा ढेप न नेता घरीच सुपारीएवढे खडे फोडून न्या. मेतकूट आणि कांदा-लसूण चटणी न्यावी, कारण उंचीवर तोंडाला चव राहत नाही आणि चवीशिवाय घास उतरत नाही.

गंगोत्री ते भोजबासा १४ किलोमीटर आणि तिथून गोमुख आणखी ४. इथवर मळलेली वाट आहे. राष्ट्रीय उद्यानाची परवानगी लागते आणि दिवसाला १५० जणांनाच ती मिळते, हे आखणी करताना विसरू नये. तपोवनासाठी परवानगी आणि स्थानिक वाटाड्या दोन्ही आधी पक्के करा. गोमुखाच्या तोंडाशी फोटोला उभे राहू नका. दुपारी ऊन तापले की बर्फाचे कडे न सांगता कोसळतात, आणि कोसळणारा एकेक तुकडा खोलीएवढा असू शकतो.

पुढे सुरू होते ते मोरेन. शाळेच्या भूगोलात त्याला हिमोढ म्हणतात. हिमनदीने वाहून आणलेल्या दगडगोट्यांचा ढीग. दुरून ती जमीन वाटते. जवळ बसून पाहिले तर बोटभर राड्याखाली काळपट निळा बर्फ दिसतो. दगड ओले आणि चकचकीत, त्यांच्या बुडाशी ताजा चिखल, अशी जागा म्हणजे खाली बर्फ आहे आणि तो वितळतो आहे. पाय ठेवला की वरचा थर गालिच्यासारखा घसरतो. घसरगुंडीवर पूर्ण तळवा टेकवून छोटी पावले टाकावीत. मोठ्या दगडाच्या डोंगराकडच्या बाजूला पाय ठेवावा, दरीकडच्या टोकावर नव्हे. एकाच्या डोक्यावर दुसरा, असे चढू नये; तिरके, अंतर ठेवून चालावे. बाजूच्या उभ्या मातीच्या भिंतीखालून जायचे असेल तर सकाळी, ऊन लागण्याआधी. रात्रभर गोठलेल्या मातीने धरून ठेवलेले दगड ऊन लागताच सुटतात. सह्याद्रीत ताशी तीन-चार किलोमीटर चालणारा गट इथे ताशी एक किलोमीटर चालला तरी चांगला. वेळेचे गणित त्यावरच मांडा.

मोबाइलवर गेल्या वर्षीचा जीपीएस मार्ग घेऊन येणाऱ्यांना एक गोष्ट ठासून सांगायला हवी. गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे आणि तिचे तोंड वर्षागणिक मागे सरकते आहे. १९३५ पासून त्याच्या नोंदी आहेत. हिमनदीवरची वाट हंगामाहंगामाला बदलते. गेल्या ऑक्टोबरात जिथे दगडी उंचवटा होता तिथे या वर्षी पाण्याचा डोह किंवा भेग असू शकते. त्या आठवड्यात वर जाऊन आलेल्या वाटाड्याचा शब्द मोबाइलमधल्या रेघेपेक्षा खरा मानावा.

ओढ्यांचेही तसेच. आपल्याकडे ओढ्याला पूर येतो तो पाऊस पडला की. हिमनदीचा नाला निरभ्र उन्हात चढतो. पहाटे घोट्याएवढे असलेले पाणी दुपारी चारला मांडीएवढे होते, कारण दिवसभर वितळलेला बर्फ तेव्हा खाली पोचतो. म्हणून नाला सकाळीच ओलांडावा. उशीर झाला तर अलीकडेच तंबू ठोकावा, पाणी रात्रीतून उतरते. पात्र अरुंद दिसते तिथे पाणी खोल आणि वेगवान असते. ते पसरून तीन-चार फाट्यांत वाहते ती जागा शोधा. पात्रातून दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर उतरू नका. सॅकचे कमरेचे आणि छातीचे बंद सोडा, म्हणजे पडलात तर ती टाकता येईल. बूट किंवा मागे पट्टा असलेले सँडल पायात हवेतच. अनवाणी पाय थंडीने मिनिटभरात बधिर होतो, आणि चामड्याची चप्पल ओली झाली की निसटते. तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, एका वेळी एकच पाय उचलायचा. तिघांनी एकमेकांचे खांदे धरून जाणे एकट्याने जाण्यापेक्षा सुरक्षित. वेगवान पाणी गुडघ्यावर चढले की मागे फिरावे.

बर्फाने झाकलेली हिमनदी हा निराळा विषय आहे आणि तिथे शिक्षणाशिवाय जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. उघड्या बर्फावर भेगा दिसतात. ताज्या हिमाखाली त्या झाकल्या जातात आणि वर बर्फाचा पातळ पूल उरतो, जो पहाटे माणूस पेलतो आणि दुपारी पेलत नाही. चौघांच्या दोरात दोघांमध्ये साधारण दहा मीटर अंतर लागते, म्हणजे ५० मीटरच्या दोरातले ३० मीटर मध्ये आणि उरलेला दोन टोकांच्या माणसांच्या अंगावर गुंडाळलेला, सुटकेसाठी. दोर बर्फाला हलकासा टेकलेला असावा. हातात त्याची वेटोळी धरून चालणे हा सर्रास दिसणारा दोष. पुढचा पडला की तेवढा दोर सुटेपर्यंत तो खाली जातो आणि मग बसणारा हिसका मागच्यालाही ओढून नेतो. भेग काटकोनात ओलांडावी. सगळा दोर भेगेला समांतर चालला तर चौघेही एकाच पुलावर असतात. प्रुसिकच्या (भार येताच दोरावर आवळणाऱ्या) गाठीने दोरावरून वर येणे आणि पडलेल्याला कप्पीसारखी मांडणी करून ओढणे हे ज्यांना हाताने करता येत नाही, त्यांच्या कमरेचा दोर शोभेचाच. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून आणि दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ पासून हे शिकवते आहे. बेसिक कोर्स सुमारे चार आठवड्यांचा असतो. लांबच्या सहलीची सुट्टी एकदा त्यासाठी वापरावी.

क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाखाली बांधायचे धातूचे दात) भाड्याने घेताना गावातच आपल्या बुटावर चढवून बघा. मऊ सोलचा बूट वाकतो आणि क्रॅम्पॉन उडून पडतो. बकल पायाच्या बाहेरच्या अंगाला यायला हवे, आत आले तर दुसऱ्या पायाचे दात त्यात अडकतात. चष्म्याला बाजूची झडप हवी आणि काच चौथ्या, म्हणजे सर्वांत गडद श्रेणीची. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणे परत फेकतो, आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सुरू होते ती सहा-आठ तासांनी, म्हणजे तंबूत शिरल्यावर. चष्मा हरवला तर पुठ्ठ्याला बारीक आडवी चीर पाडून डोळ्यांवर बांधा. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीखालीही लावा, ऊन तिथे खालून येते.

आता परतीचे तिकीट. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रताल ट्रेकवर, सुमारे ४,४०० मीटरवर, परतताना हवामान बिघडून शेजारच्या कर्नाटकातून गेलेल्या गटातले ९ जण मृत्युमुखी पडले. ५ ऑगस्ट २०२५ रोजी गंगोत्रीच्याच रस्त्यावरच्या धरालीत पूर आला, तेव्हा वर असलेले महाराष्ट्रातले प्रवासीही अडकले. हवामान आणि रस्ता दोन्ही आपल्या वेळापत्रकाला बांधलेले नाहीत. म्हणून शेवटच्या टप्प्याला तीन दिवस कोरे हवेत: एक हवेसाठी, एक शरीरासाठी, एक रस्त्यासाठी. निजामुद्दीनहून थेट कोल्हापूरची गाडी आठवड्यातून एकदाच असते. तिच्यात बसायचेच या हट्टापायी लोक दुपारचे नाले ओलांडतात आणि ताप अंगावर काढतात. मिरजेपर्यंत गोवा एक्स्प्रेस रोज आहे. परतीचा विचार तिच्या भरवशावर करा, म्हणजे दोन दिवस पुढे ढकलणे जड जात नाही. मागे फिरण्याची वेळही निघण्याआधी ठरवा. दुपारी १२ ला जिथे असू तिथून मागे, असे ठरले असेल तर १२ वाजता तपोवन समोर दिसत असले तरी मागे. हा निर्णय आदल्या रात्री गरम चहा पिताना घ्यायचा असतो, कारण दमलेला माणूस वर गेल्यावर तो घेऊ शकत नाही.

दिवसभराच्या छोट्या सॅकमध्येही कोरडे लोकरीचे कपडे, रेनकोट, हातमोज्यांची दुसरी जोडी आणि माणशी एक प्लॅस्टिकची मोठी जाड पिशवी असू द्या. वाट चुकून रात्र उघड्यावर काढावी लागली तर त्या पिशवीत कमरेपर्यंत शिरून बसता येते. कोणी अडखळत, बरळत चालू लागला किंवा त्याची थरथर अचानक थांबली, तर तो गारठ्याने आजारी आहे. ओले कपडे काढा, कोरडे घाला, शुद्धीवर असेल तर गरम गोड पाणी द्या. हातपाय चोळू नका, दारू तर मुळीच नको.

सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारे यंत्र परवानगीशिवाय आपल्या देशात बाळगता येत नाही, त्याच्या भरवशावर कोणी जाऊ नये. घरी मात्र एक कागद ठेवून जा: मार्ग, मुक्कामांची नावे, सर्वांचे रक्तगट, वाटाड्याचा नंबर, आणि कोणत्या तारखेच्या किती वाजेपर्यंत फोन येईल. ती वेळ ठरवताना तीन कोरे दिवस धरूनच ठरवा, नाहीतर घरचे विनाकारण घाबरतात. त्या वेळेनंतरही फोन आला नाही, तर घरच्यांनी उत्तरकाशी जिल्हा पोलिसांना फोन लावून तो कागद शब्दशः वाचून दाखवायचा, हेही त्याच कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. इथून ११२ फिरवला तर तो महाराष्ट्रातच लागतो, म्हणून पोलिसांचा तिथला नंबर निघण्याआधी शोधून कागदावर उतरवा.

आपले,
हिमालयात पायी फिरणारे काही कोल्हापूरकर
कोल्हापूर